वरचे तीनशे ग्रॅम

रघुनंदन अण्णा आमच्या कंपनीत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी कुणालाही नमस्कार करायच्या आधी आमच्या वजनकाट्याची परीक्षा घेतली. बसवनगुडीहून दोन बस बदलून, त्यातला बराच वेळ उभं राहून, ते महादेवपुऱ्याला पोचले होते आणि खांद्यावरच्या पिशवीत पाच किलोचं लोखंडी वजन होतं. ते त्यांनी काट्यावर ठेवलं. काट्याने पाच किलो चाळीस ग्रॅम दाखवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते चाळीस ग्रॅम कुठून तरी चोरून आणले असावेत, अशा नजरेने अण्णांनी आमच्याकडे पाहिलं.

"ह्या काट्यावर विमान करायलेत?" त्यांनी विचारलं.

विमान नव्हे, आम्ही उडणारी गाडी करत होतो. विजेवर चालणारी, आठ पंख्यांची, जागच्या जागी वर उठणारी आणि जागच्या जागी उतरणारी. आत दोनच जागा: एक चालवणाऱ्याची, एक प्रवाशाची. आमचा मालक तनय, वय वर्षं एकतीस, ह्याचं स्वप्न असं की बेळ्ळंदूरच्या माणसाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर जावं, गाडीत बसावं आणि बारा मिनिटांत विमानतळावर उतरावं. कचेरीच्या भिंतीवर तसं मोठं चित्रच लावलं होतं. चित्रातलं बेळ्ळंदूरचं तळं निळंशार होतं, रस्ते मोकळे होते आणि पाण्याचा टँकर एकही नव्हता, त्यामुळे मला त्या चित्राचा पहिल्यापासून संशय यायचा.

मी शुभदा, पुण्याची. बंगळुरात येऊन सहा वर्षं झाली, त्यातलं दीड वर्ष रिंग रोडच्या सिग्नलला गेलं. कंपनीत माझं काम कागदांचं. कुठल्या परवानगीला कुठला अर्ज, कुठल्या चाचणीला कुठला तक्ता, हे मी बघते. इंजिनिअर लोक गाडी बनवतात आणि मी तिची पत्रिका मांडते. गाडी उडेल असं मला खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. पण पगार वेळेवर होत होता, म्हणून मी गप्प होते. पुणेकराच्या हातून ह्याहून मोठा त्याग होत नाही.

अण्णांच्या घराण्यातला कोणी एक पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आला, उतरला आणि परत काही चढला नाही. तेव्हापासून ही मंडळी इथलीच. घरात मराठी, दारात कन्नड, मठात संस्कृत. मी पुण्याची म्हटल्यावर अण्णा माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलू पाहायचे. चिडले की मात्र खरी भाषा बाहेर यायची, आणि चिडायचे रोज.

एका मोठ्या विमान कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं वजन विभागात काढली होती. नवं विमान तयार झालं की त्याच्या तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवायचे, वजन घ्यायचं, तोल कुठे पडतो ते काढायचं आणि तक्त्यावर सही करायची. सही झाली तरच ते उडणार. अशा तीनशे अकरा विमानांवर त्यांची सही होती. आणि हा माणूस स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. कारखान्यातल्या विमानांत वजन करणाऱ्याला जागा नसते. बाहेरच्या विमानांचं म्हणाल तर एकुलती मुलगी मैसूरला दिलेली. मैसूरला विमानाने कोण जातं? काशीयात्रा झाली ती मठाच्या मंडळींबरोबर, रेल्वेने, तीन दिवस भजनं म्हणत.

"इच्छा नाही का झाली कधी?" मी एकदा विचारलं.

"झाली की," अण्णा म्हणाले. "प्रत्येक वेळेला झाली. तीनशे अकरा वेळा."

हे त्यांनी काट्यावरचा आकडा वाचावा तशा सरळ आवाजात सांगितलं.

आमच्याकडे आल्यावर त्यांनी आधी काटा नीट करून घेतला, मग गाडीचा प्रत्येक तुकडा त्यावर चढवला. विजेच्या गाडीचं दुखणं असं की तिचं अर्धं बळ बॅटरी उचलण्यातच खर्च होतं. पेट्रोलच्या विमानाचं पेट्रोल जळत जातं, विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. "पोट रिकामं झालं तरी ढेरी तशीच," असं अण्णा समजावून सांगायचे. त्यामुळे बाकी सगळीकडे ग्रॅम ग्रॅम वाचवायचा. तनयने दारावर लावायला कंपनीच्या नावाची पितळी पाटी करून आणली. सहाशे चाळीस ग्रॅम. अण्णांनी तक्त्यावर "अमान्य" लिहिलं. नाव रंगवा, रंग चाळीस ग्रॅमचा. मग तनयने गणपतीची छोटी मूर्ती आणली. ती तरी चालेल असं सगळ्यांना वाटलं, कारण अण्णा रोज संध्या करणारे, कपाळावर गोपीचंदन आणि अंगाराची काळी रेघ लावून येणारे. अण्णांनी मूर्तीला हात जोडले, मूर्ती काट्यावर ठेवली आणि "अमान्य" लिहिलं. चारशे दहा ग्रॅम.

"अण्णा, देव आहे तो!" तनय म्हणाला.

"देव सगळीकडे आहे. त्याला गाडीत कशाला बसायला हवं? आणि उडायचं खातं आमच्या वायुदेवांकडे. त्यांचं वजन शून्य."

प्रवाशाचं वजन किती धरायचं हेही अण्णांनीच ठरवलं. बॅटरी, पंखे आणि आमचा वैमानिक गिरीराज, असं सगळं मांडून त्यांनी उत्तर काढलं: प्रवासी, कपड्यांसकट, जास्तीत जास्त ऐंशी किलो. वरती एक ग्रॅम नाही. मी तो आकडा चाचणीच्या कागदात लिहिला, अण्णांनी खाली सही केली आणि तो कागद परवानगीसाठी वर गेला. तेव्हा कुणाच्या मनातही पुढचं नव्हतं.

पुढचं आषाढात घडलं. कार्तिकात माणूस बसवून पहिलं उड्डाण करायची परवानगी आली आणि तनयने सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की पहिले प्रवासी रघुनंदन अण्णा. छत्तीस वर्षं विमानं तोलली, आता बसायची पाळी त्यांची. टाळ्या झाल्या. गिरीराजने शिट्टी मारली. अण्णा उठून उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागे घेतले.

"माझं वजन अठ्ठ्याऐंशी आहे," ते म्हणाले.

"मग मर्यादा थोडी वाढवू की, अण्णा," तनय म्हणाला.

"मर्यादा वाढत नाही. मी उतरतो."

आणि ते उतरायला लागले. त्यांच्या लोकांत आषाढापासून कार्तिकापर्यंत चातुर्मासाचं व्रत असतं: पहिला महिना भाजी सोडायची, दुसरा दही, तिसरा दूध, चौथा डाळी. एक सोडलं की मागचं परत धरायचं, असा नियम. अण्णांनी मागचं परत धरलंच नाही. चौथ्या महिन्यात त्यांच्या पानात मूठभर भात आणि त्यावर चिंचेचं पाणी एवढंच उरलं. मठातल्या लोकांना ह्यामागचं कारण माहीत नव्हतं. त्यांनी अण्णांची कडक निष्ठा पाहिली, सभेत बोलावून सत्कार केला आणि शाल पांघरली. अण्णांना संकोच झाला, पण खरं सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती शाल त्यांनी आमच्या काट्यावर ठेवली. "तीनशे ऐंशी ग्रॅम," ते खिन्नपणे म्हणाले. "उडताना पांघरता येणार नाही."

सगळ्यात हाल झाले वसुमतीअक्कांचे. अण्णांची बायको म्हणजे हात लावेल त्याला चव आणणारी बाई. त्यांच्या घरी मी एकदा जेवले तर दोन दिवस मला पुण्याची आठवण आली नाही. चार महिने ही बाई समोर बसून नवऱ्याला चिंचेचं पाणी वाढत होती.

"काय म्हणावं गं ह्यांना," त्या मला फोनवर म्हणाल्या. "पन्नास वर्षं मठाचे स्वामी सांगून थकले, तेव्हा एक भाजी सोडली नाही. आता एका पंख्याच्या गाडीसाठी सगळं सोडून बसलेत."

दिवस निवडायची वेळ आली तेव्हा अण्णांनी कार्तिकातली एकादशी मागितली. तनयला वाटलं, शुभ दिवस म्हणून. शुभ वगैरे काही नव्हतं. एकादशीला अण्णा पाण्याचा थेंबही घेत नसत आणि त्या दिवशी त्यांचं वजन महिन्यातलं सगळ्यात कमी भरायचं, एवढा साधा हिशोब होता. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला पारणं झालं की गेलेलं वजन परत येतं, हेही त्यांनी वहीत टिपून ठेवलं होतं.

एकादशीला सकाळी होसकोटेच्या पुढच्या आमच्या मैदानावर अण्णा काट्यावर उभे राहिले. एकोणऐंशी किलो दोनशे. मी तक्त्यात लिहिलं, त्यांनी सही केली. चेहरा सुकून गेला होता, शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पण डोळे असे की बघत राहावं. गाडी धुऊन पुसून उभी. हवा शांत. परवानगीची वेळ नऊ ते दहा. फक्त पाहुणे यायचे होते. पाहुणे म्हणजे आमच्या कंपनीत पैसे घालणारी परदेशी मंडळी, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस उडाला पाहिजे अशी त्यांची अट होती.

पाहुणे बेळ्ळंदूरच्या हॉटेलात उतरले होते. साडेसातला निघाले. पावणेनऊला तनयने फोन केला तर ते हॉटेलच्या फाटकापासून सहाशे मीटरवर होते. पुढे टँकर उलटला होता. साडेनऊला ते आठशे मीटरवर होते. त्यांच्यातला एकजण फोनवर म्हणाला की तुमच्या गाडीची ह्या शहराला किती गरज आहे हे आता आम्हाला पटलं आहे. तनयने डोकं धरलं. दहा वाजले आणि परवानगी संपली. पाहुणे बारा वाजता येऊन पोचले, नारळपाणी प्यायले आणि उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच नऊ ते दहाच्या वेळेत ठरलं.

"उद्या द्वादशी," अण्णा म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. माझंही थोडंफार वाचन आहे. म्हटलं, "अण्णा, नुसत्या चमचाभर तीर्थानेही पारणं होतं म्हणतात ना? उद्या तेवढंच करा. उतरल्यावर जेवा."

"होतं की," ते म्हणाले. "शास्त्राने होतं. पण उद्या चातुर्मास सुटतो. वसुमतीने चार महिने वाट पाहिलीये. पानावर न बसता घरातून निघालो तर ती काही बोलणार नाही, आणि तेच वाईट." मग खिशातून छोटी डायरी काढून म्हणाले, "काळजी करू नको. मी मोजून जेवतो."

आणि ते खरोखर मोजून जेवले. हे सगळं मला नंतर अक्कांनी सांगितलं. पहाटे उठून अण्णांनी वजन घेतलं: अठ्ठ्याहत्तर किलो नऊशे. म्हणजे वर जागा अकराशे ग्रॅमची. पूजा झाली, सूर्य उगवला आणि पान मांडलं गेलं. चार महिन्यांत सोडलेलं सगळं त्या दिवशी एका पानात परत आलं होतं: हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची कोशिंबीर, दहीभात, डाळीचे अंबोडे म्हणजे वडे आणि हरभऱ्याच्या डाळीचं गोड हयग्रीव. अण्णांनी पानाशेजारी स्वयंपाकघरातला काटा मांडला. प्रत्येक वाढप आधी काट्यावर, मग पानात. भात दोनशे. भाजी एकशे वीस. दोन अंबोडे नव्वद. अक्कांनी तिसरा अंबोडा पुढे केला तेव्हा त्यांनी तो काट्यावर ठेवला, डोळे मिटले आणि परत दिला. एकूण नऊशे ग्रॅमला ते थांबले. म्हणजे दोनशे ग्रॅम अजून हातात.

चूक पुढे झाली, आणि ती चूक जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. विमानाचं वजन करतात ते कोरडं करतात. तेल, इंधन, पाणी काढून टाकून. पातळ पदार्थांचा रकाना वेगळा, आणि तो अण्णांच्या कारखान्यात दुसरा विभाग भरायचा. छत्तीस वर्षं अण्णांच्या पेनाने पातळ पदार्थाला स्पर्श केला नव्हता. दीड दिवस कोरड्या घशाने काढलेल्या माणसासमोर अक्कांनी पाण्याचा तांब्या ठेवला, वाटीत गरम सारू, म्हणजे पातळ सार, वाढलं, वर ताक, आणि निघताना दोन पेले फिल्टर कॉफी. अण्णा ते सगळं निश्चिंत मनाने प्यायले. काट्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मैदानावर अक्काही बरोबर आल्या होत्या, नवी इरकल नेसून. पाहुणे ह्या खेपेला पहाटे पाचलाच निघाले होते आणि सहाला पोचून गाडीत झोपले होते. सव्वानऊला अण्णा काट्यावर उभे राहिले.

ऐंशी किलो नऊशे.

ते उतरले, परत चढले. ऐंशी किलो नऊशे. त्यांनी पिशवीतलं लोखंडी वजन काढून काटा तपासला. काटा बरोबर होता.

"नऊशे खाल्लं, अकराशेला जागा होती," ते पुटपुटले. डायरी उघडून बेरीज केली. मग हळूच डायरी मिटली. "अय्यो. पाणी."

"पाणी कुठं मोजतात का हो?" अक्का म्हणाल्या.

"दुसरा विभाग मोजतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघवेना.

मग धावपळ झाली. तनयने त्यांना मैदानाच्या टोकाच्या शौचालयाकडे पाठवलं. परत आले: ऐंशी सातशे. पुन्हा पाठवलं. दुसऱ्या वेळेला पाहुण्यांपैकी एकाने, काय चाललंय ते न कळून, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ऐंशी सहाशे. घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, डायरी आणि दोन पेनं काढली. चपलाही काढायला निघाले, पण अनवाणी माणसाला बसवायचं नाही असा नियम आहे, असं गिरीराज म्हणाला. ऐंशी तीनशे.

"जानवं?" तनय काकुळतीला येऊन म्हणाला.

"ते दोन ग्रॅमचं आहे," अण्णा म्हणाले. "आणि राहील."

दहाला पंधरा मिनिटं उरली होती. तक्ता माझ्या हातात होता. तनयने माझ्याकडे पाहिलं. तीनशे ग्रॅम म्हणजे काय हो? दोन पेरू. एक टॉवेल. गाडीला कळणारही नाही. आणि हा माणूस चार महिने चिंचेचं पाणी पिऊन इथे बेल्टशिवाय पँट धरून उभा आहे. मी पेन उचललं आणि प्रवाशाच्या रकान्यात लिहिलं: ऐंशी. सहीसाठी तक्ता अण्णांच्या हातात दिला. आयुष्यात मी खूप कागद भरलेत, पण तेवढा एकच मी प्रेमाने खोटा भरला.

अण्णांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मग माझंच पेन घेऊन त्यांनी माझा आकडा एका रेघेने खोडला, शेजारी लिहिलं: ऐंशी पूर्णांक तीन. शेरा: अमान्य. आणि खाली सही केली, पूर्ण, घराण्याच्या नावासकट.

"अण्णा, तीनशे ग्रॅम!" तनय जवळजवळ ओरडला.

"गणपतीला नाही म्हटलं मी," अण्णा म्हणाले. "मला कसं हो म्हणू?"

मग ते माझ्याकडे वळले. "शुभदा, तुझं वजन किती?"

वीस माणसांसमोर, त्यातले सहा परदेशी. "एकसष्ट," मी म्हटलं.

"चढ."

काट्याने त्रेसष्ट चारशे दाखवलं, आणि अण्णांनी ते मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. मी काही बोलायच्या आत त्यांचं गणित सुरू झालं होतं. माणूस हलका, म्हणजे तोल सरकणार. पायाशी सोळा किलो वाळू. पिशवी इथे नको, चार बोटं पुढे. दोरीने बांधा. पाच मिनिटांत त्यांनी गाडी माझ्यासाठी नव्याने तोलली आणि मला स्वतःच्या हाताने पट्टे आवळून बसवलं.

मला बसायचं नव्हतं. मला भीती वाटत होती, शिवाय लाज वाटत होती. दुसऱ्याच्या पानावर बसून जेवावं तसं झालं होतं. पण पंखे फिरायला लागले, आणि जमीन कुणीतरी हळूच काढून घेतली. एवढंच जाणवलं. हिसका नाही, आवाजही फारसा नाही. तीस मीटर वर गेलो, मैदानाला एक फेरी मारली. लांबवर मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसत होती, अगदी चित्रातल्यासारखी स्वच्छ आणि निश्चल. खाली सगळे लोक माना वर करून हात हलवत होते. अण्णा हलवत नव्हते. ते काट्याजवळ गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि गाडीच्या पोटाकडे एकटक बघत होते. मी रडले. चार मिनिटांतली दोन मिनिटं मी रडण्यात घालवली, आणि गिरीराजला वाटलं मी घाबरले.

उतरल्यावर गलका झाला. पाहुण्यांनी तनयला मिठ्या मारल्या. कसं वाटलं, कसं वाटलं, म्हणून सगळे मला विचारत होते. अण्णा गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि तक्ता घेऊन आले.

"कलली का?"

"नाही, अण्णा."

"उतरताना नाक खाली? स्वल्प तरी?"

"स्वल्पही नाही."

"वाळू हलली?"

"नाही हलली. अण्णा, ती जागा तुमची होती. मला फार वाईट वाटतंय."

त्यांनी तक्त्यात तीन खुणा केल्या. अक्का मागे उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. "माझ्या ताकाने घात केला बघ," त्या म्हणाल्या.

"ताक बरोबर होतं," अण्णा म्हणाले. एकदम आवाज चढला, खरी भाषा बाहेर आली. "ताकाला काय झालंय? तनय, इकडे ये. हे बघ, मी चार महिने उपाशी राहिलो तेव्हा ही गाडी मला न्यायला तयार झाली. आज पोटभर जेवून आलो तर नको म्हणायलीय. जेवलेल्या माणसाला नेत नाही ती कसली टॅक्सी? बेळ्ळंदूरचा माणूस काय उपास करून विमानतळावर जाणार? मी का हलकं व्हायचं? बॅटरी हलकी करा. नाही तर दारावर पाटी लावा, जेवून आलेल्यांनी बसने जावं!"

पाहुण्यांना एक शब्दही कळला नाही. तनय चपलेने मातीत रेघा ओढत होता.

"बॅटरी तेवढी हलकी व्हायला दोन वर्षं लागतील, अण्णा," तो म्हणाला.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "मी येतो की रोज." आणि पँट सावरत पट्टा शोधायला गेले.

सोमवारी कचेरीत नव्या गाडीचा कोरा तक्ता माझ्यासमोर होता. प्रवाशाचं वजन, हा पहिलाच रकाना. मी अण्णांना विचारलं, किती लिहू?

"वसुमती दोन महिन्यांत मला परत अठ्ठ्याऐंशीवर नेते. ते धर," ते म्हणाले. "वर पाणी, सारू, ताक, दोन कॉफी. दीड किलो."

मी लिहिलं: नव्वद. अण्णांनी कागद हातात घेतला, वाचला आणि सही न करता माझ्यापुढे परत ठेवला.

"एकोणनव्वद पूर्णांक पाच," ते म्हणाले. "माझं नाव घेऊन पाचशे ग्रॅम फुकट वाढवू नको."